शुद्धिपत्र : बेंजामिन फ्रँकलिन व डेबोरा रीड यांची हकीकत

पुस्तक छापून बाहेर पडते तेव्हा पुष्कळदा त्याच्या शेवटी एक लहानसे पान जोडलेले असते. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे त्यात चार रकाने असतात. ज्या वाचकांनी मंडळीचा वार्षिक अहवाल किंवा गीतांचे एखादे जुने पुस्तक शेवटपर्यंत चाळले असेल त्यांनी ते पाहिलेच असेल. जुळाऱ्याचा हात चुकतो, तपासणाराची नजर चुकते, आणि हजार प्रती निघून गेल्यावर चूक ध्यानात येते. छापलेले पान पुसता येत नाही. तेव्हा शेवटी कबुली द्यावयाची, आणि वाचकाने आपल्या हाताने दुरुस्ती करून घ्यावी अशी विनंती करावयाची, एवढेच मुद्रकाच्या हाती उरते. ह्या पानास शुद्धिपत्र म्हणतात.

अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन हा धंद्याने मुद्रक होता. १७७१ साली, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्याने आपले आत्मचरित्र लिहावयास घेतले. त्यात तारुण्यातील आपल्या अपराधांविषयी लिहिताना त्याने धर्मशास्त्रातील शब्द न घेता छापखान्यातील घेतला. ह्या सर्वांस तो मुद्रणाच्या चुका म्हणतो. शब्द चतुर आहे, आणि आमच्या मते थोडा सोयीचाही आहे. खिळा चुकला तर कोणास फारशी इजा होत नाही. पण फ्रँकलिनने ज्या चुका मोजल्या त्यांपैकी एकीमुळे एका मुलीच्या आयुष्याची पाच वर्षे नासली. तिचे नाव डेबोरा रीड. फ्रँकलिनचा विजेचा पतंग व अमेरिकेच्या स्वातंत्र्यातील त्याची कामगिरी ही पुष्कळांच्या कानावर आहे. ती आम्ही येथे बाजूस ठेवितो. ज्या मनुष्याने वही घालून आपला स्वभाव सुधारिला त्याने आपल्या बायकोशी झालेली चूक कितपत सुधारिली, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

फ्रँकलिनचा जन्म १७०६ साली बोस्टन येथे झाला. हे नाव आमच्या मंडळ्यांस अगदीच नवे नाही. १८१३ साली जे अमेरिकन मिशनरी मुंबईस आले त्यांच्या संस्थेची कचेरी पुढे अनेक वर्षे त्याच शहरी होती. बाप चरबीच्या बत्त्या व साबण करून विकीत असे. पहिली बायको वारल्यावर त्याने दुसरी केली होती, व दोघींची मिळून सतरा लेकरे झाली. बेंजामिन हा मुलग्यांत दहावा व शेवटचा. हा आपला दशमांश म्हणून पाळकाच्या कामास द्यावा असे बापाच्या मनात होते, पण शिक्षणाचा खर्च झेपेना. दोन वर्षांत शाळा सुटली, आणि बाराव्या वर्षी मुलगा थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार राहिला. भाऊ तापट, हात टाकणारा. १७२३ साली, सतराव्या वर्षी, करार मोडून बेंजामिन पळाला. भावाची अडचण साधून आपण निसटलो ही आयुष्यातील पहिल्या चुकांपैकी एक, असे त्यानेच लिहून ठेविले आहे.

तो फिलाडेल्फियास आला. आशियातील ह्या नावाचे नगर वाचकांस प्रकटीकरणाच्या पुस्तकातून ठाऊक आहे. हे दुसरे, विल्यम पेन नावाच्या क्वेकर गृहस्थाने १६८२ साली वसविलेले. मुलाच्या अंगावर प्रवासाचे मळके कपडे, खिशांत कोंबलेले सदरे व मोजे, आणि जवळ एक डालर व थोडे तांब्याचे नाणे. त्याने तीन पेनींची भाकर मागितली, तो तीन मोठे पाव हाती आले. खिशांत जागा नव्हती. एकेक पाव दोन्ही काखांत मारून तिसरा खात खात तो मार्केट रस्त्याने चालला. रीड नावाच्या सुताराच्या दारात त्याची मुलगी डेबोरा उभी होती. तिने हे ध्यान पाहिले आणि तिला ते फार चमत्कारिक वाटले. उरलेले दोन पाव त्याने नावेतून बरोबर आलेल्या एका बाईस व तिच्या लेकरास देऊन टाकिले. पण ते डेबोराने पाहिले नाही.

पुढे काम मिळाले, व बिऱ्हाडाची सोय नेमकी त्याच रीडच्या घरी झाली. एका छपराखाली राहता राहता दोघांचे मन जडले. १७२४ साली प्रांताच्या गव्हर्नराने फ्रँकलिनला स्वतःचा छापखाना घालून देण्याचे आश्वासन दिले, आणि सामान आणावयास लंडनला जा, हुंडीची पत्रे देतो, असे सांगितले. निघण्यापूर्वी लग्न व्हावे असे फ्रँकलिनच्या मनात होते. परंतु डेबोराच्या आईने, मुले लहान आहेत, परत येऊन धंद्यास लागा, मग पाहू, असे म्हटले. तेव्हा दोघांनी एकमेकांस वचन दिले, आणि तो गलबतावर चढला. लंडनला पोहोचल्यावर कळले की गव्हर्नराने एकही पत्र दिलेले नाही.

येथवर दोष दुसऱ्याचा होता. येथून पुढे तो फ्रँकलिनचा आहे. त्यास लंडनात छापखान्यात नोकरी मिळाली, नाटके मिळाली, दोस्त मिळाले. दीड वर्षाहून अधिक काळ तो तेथे राहिला, आणि तेवढ्या अवधीत डेबोरास त्याने एकच पत्र लिहिले. लवकर परत येण्याचा संभव नाही, एवढाच त्यातील मजकूर. घरच्यांनी व स्नेह्यांनी तिला समजावून १७२५ साली रॉजर्स नावाच्या एका कुंभाराशी तिचे लग्न लाविले. हा मनुष्य हाताचा कसबी, पण चालीचा वाईट. त्याची एक बायको आधीच दुसरीकडे जिवंत आहे असे ऐकू येऊ लागले. डेबोरा त्यास सोडून आईकडे परत आली व तिने त्याचे नाव लावणेही सोडिले. रॉजर्स कर्ज बुडवून वेस्ट इंडीज बेटांकडे पळाला. पुढे तो तेथे मेला अशी नुसती वार्ता आली. आता ही मुलगी ना कुमारी, ना सवाष्ण, ना विधवा. आमच्या खेड्यांत अशा स्थितीत सापडलेल्या मुलीस कोण कोण काय काय बोलते हे उपदेशक बंधूंस सांगावयास नको. फिलाडेल्फियाही त्या वेळी लहानच गाव होते.

१७२६ च्या ऑक्टोबरात फ्रँकलिन परत आला. समुद्रावर अडीच महिने काढिताना त्याने एका कागदावर पुढील वागणुकीचे नियम लिहिले होते: ऋण फिटेपर्यंत काटकसर करणे, खरे बोलणे, हातातले काम सोडून एकदम श्रीमंत होण्याच्या नादी न लागणे, कोणाचे वाईट न बोलणे. नियम चांगले आहेत. पण त्यांत डेबोराचे नाव नाही. गावात आल्यावर तिच्यासमोर जाण्याचीच त्यास लाज वाटली. पुढील चार वर्षांत त्याने स्वतःचा छापखाना घातला, वर्तमानपत्र चालविले, पैसा जोडिला. दुसरी एक सोयरीक पाहिली, ती हुंड्याच्या बोलीवर फिसकटली. ह्याच काळात त्याचे आचरण शुद्ध नव्हते, व त्यातून त्यास विल्यम नावाचा एक मुलगा झाला. त्याची आई कोण हे आजपर्यंत कळलेले नाही.

रीड कुटुंबाशी त्याचे जाणे-येणे पुन्हा सुरू झाले होते. डेबोरा उदास असे, कोणात मिसळत नसे. तिच्या ह्या दशेस बहुतांशी आपली चंचलता कारण आहे, हे फ्रँकलिन मनाशी कबूल करी. तिची आई मात्र आपणच तेव्हा लग्न अडविले म्हणून स्वतःस दोष देई. जुने प्रेम पुन्हा जागे झाले. पण अडचण मोठी होती. रॉजर्स खरोखर मेला याचा पुरावा नव्हता, आणि पहिला नवरा जिवंत असता दुसरे लग्न केले तर कायद्याने ३९ फटके व जन्माची कैद ठेविलेली होती. शिवाय रॉजर्सचे धनको घर धुंडीत आले असते ते वेगळेच. म्हणून चर्चमध्ये विधी न करिता, १ सप्टेंबर १७३० रोजी, दोघांनी लोकांसमक्ष नवरा-बायको म्हणून संसार मांडिला. तेव्हाच्या वहिवाटीप्रमाणे असा विवाह धरिला जाई. आम्ही पाळक आहोत. विधीवाचून झालेल्या विवाहाची तरफदारी आम्ही करीत नाही. परंतु जिची अब्रू आपल्यामुळे गेली तिला कायद्याचे भय असतानाही हात धरून घरात आणणे, हे ह्या मनुष्याने केले, आणि आपण ती मोठी चूक होता होईल तितकी दुरुस्त केली असे तो लिहितो, ते आम्हांस खोटे वाटत नाही. डेबोराचे काम तर त्याहून अवघड होते. तिने विल्यमला आपल्या घरात घेतले व वाढविले. ते तिला जड गेले, व कधी कधी तिच्या तोंडून त्या मुलाविषयी कडू शब्द निघत, असे त्यांच्या घरी राहिलेल्या एका कारकुनाने लिहून ठेविले आहे. आम्हांस यात नवल वाटत नाही.

डेबोरा कष्टाळू होती. छापलेल्या चोपड्यांच्या घड्या घालणे, त्या शिवणे, दुकान राखणे, कागद करणारांसाठी जुन्या चिंध्या विकत घेणे ही सर्व कामे तिची. घरात नोकरमाणूस नव्हते. फ्रँकलिन रोज सकाळी दोन पेनींच्या मातीच्या वाडग्यातून कथिलाच्या चमच्याने दूध-पाव खाई. एके दिवशी पाहतो तो समोर चिनी मातीचा वाडगा व रुप्याचा चमचा! डेबोराने त्यास न विचारिता २३ शिलिंग मोजून ते आणिले होते. शेजाऱ्यांचे नवरे असल्या भांड्यांतून जेवतात, मग माझ्या नवऱ्याने का जेवू नये, याहून अधिक कारण तिच्याजवळ नव्हते. ज्या घरात काटकसरीची वही पुढे निघाली त्या घरातील हा पहिला उधळेपणा. आम्हांस हे तेवीस शिलिंग त्या सगळ्या वहीपेक्षा वाचावयास गोड वाटतात.

वहीविषयी आता सांगू. लग्नानंतर तीन-चार वर्षांच्या आत फ्रँकलिनने आपल्या स्वभावाची पद्धतशीर सुधारणा करण्याचे ठरविले. मिताहार, मौन, व्यवस्था, निश्चय, काटकसर, उद्योग, निष्कपटपणा, न्याय, मध्यम मार्ग, स्वच्छता, मनःशांती, शुद्धाचरण आणि नम्रता असे तेरा गुण त्याने नेमिले. आरंभी बाराच होते. तू गर्विष्ठ दिसतोस, असे एका क्वेकर मित्राने तोंडावर सांगितले तेव्हा तेरावा वाढविला. एका लहान वहीत प्रत्येक गुणास एक पान. पानावर तांबड्या शाईने सात वारांचे सात उभे रकाने, आणि तेरा गुणांच्या तेरा आडव्या ओळी. रात्री दिवस आठवावयाचा, आणि ज्या गुणात कसूर झाली त्या घरात काळा ठिपका द्यावयाचा. एका आठवड्यात एकाच गुणावर विशेष नजर. तेरा आठवड्यांनी फेरा पुरा, आणि वर्षातून चार फेरे. शेताची भांगलण करणारा सगळे रान एकदम धरीत नाही, वाफा वाफा घेतो, तसे हे. जुने ठिपके खोडून खोडून कागदास भोके पडू लागली तेव्हा त्याने हस्तिदंती पानांची वही केली. तिच्यावर शिसपेन्सिलीने ठिपके द्यावे व ओल्या स्पंजाने पुसावे.

आपल्यात इतके दोष असतील असे त्यास वाटले नव्हते. सर्वांत त्रास दिला व्यवस्थेने. कागदपत्र जागच्या जागी ठेवणे त्यास जन्मभर साधले नाही. त्यावर त्याने एका मनुष्याची गोष्ट दिली आहे. त्यास आपली कुऱ्हाड धारेसारखीच सगळीकडे लखलखीत हवी होती. लोहार म्हणाला, देतो, पण चाक तू फिरव. लोहार कुऱ्हाडीचे पान चाकावर दाबून धरी, आणि फिरविणाराचा दम निघे. थोड्याच वेळात तो कुऱ्हाड मागू लागला. अजून डाग आहेत, असे लोहाराने म्हटले, तर म्हणतो, मला डाग असलेलीच बरी वाटते. गर्वाविषयी फ्रँकलिनने याहून खरे लिहिले आहे: हा कितीही दडपला तरी वर येतो, आणि आपण त्यास पुरता जिंकला असे वाटले तर त्या जिंकण्याचाच आपणास गर्व होईल. आपण पूर्ण झालो नाही, पण प्रयत्न न करिता जितके झालो असतो त्याहून बरे व सुखी झालो, एवढाच त्याचा दावा.

ही वही उपदेशात झाली नाही, उपदेशास कंटाळून झाली, हे आम्हा पाळकांस लाजविणारे आहे. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील, जे जे सत्य, जे जे आदरणीय, त्याचे मनन करण्याविषयीचे वचन पाळकाने एकदा घेतले. आता सदाचरणाविषयी काही ऐकावयास मिळेल म्हणून फ्रँकलिन आशेने बसला. पाळकाने त्यातून शब्बाथ पाळणे, उपासनेस येणे, पाळकास मान देणे असे पाच मुद्दे काढिले. फ्रँकलिन पुन्हा त्याच्या उपदेशास गेला नाही.

दुसऱ्या चुकांची भरपाई त्याने केली. एका गृहस्थाची वसूल केलेली रक्कम त्याने मित्रास देऊन टाकिली होती; ती व्याजासह फेडिली. ज्या भावास सोडून पळाला होता त्याच्या मुलास घरी आणून धंदा शिकविला. एक चूक मात्र फिटण्यासारखी नव्हती. १७३६ साली त्याचा व डेबोराचा चार वर्षांचा मुलगा फ्रँकी देवीने गेला. निरोग्यास देवीची लस टोचण्याची रीत तेव्हा तेथे सुरू झालेली होती, आणि फ्रँकलिन तिचा पुरस्कर्ता होता. पण आपल्या मुलास त्याने वेळेवर टोचून घेतले नव्हते. हे दुःख त्याने पन्नास वर्षांनंतरही लिहिले, ते इतर आईबापांनी उशीर करू नये म्हणून.

आणखी एक डाग त्या वहीत कधी मांडला गेलेला दिसत नाही. त्यांच्या घरी गुलाम होते, आणि त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती येत. येथे पहिले पाऊल त्याच्या बरोबरीने डेबोरानेही टाकिले. निग्रो मुलांसाठी फिलाडेल्फियात १७५८ साली एक शाळा निघाली. ती काढण्यास लंडनहून फ्रँकलिनने सल्ला दिला होता. १७५९ साली डेबोराने त्या मुलांस चर्चमध्ये प्रश्नोत्तरे म्हणताना ऐकिले, आणि आपल्या घरच्या ऑथेल्लो नावाच्या मुलास तेथे पाठविण्याचा निश्चय करून नवऱ्यास कळविले. १७६३ साली फ्रँकलिन स्वतः शाळा पाहून आला, आणि ही मुले बुद्धीत, स्मरणात व शिकण्याच्या तयारीत गोऱ्या मुलांच्या बरोबरीची आहेत, आपले पूर्वीचे मत बदलले, असे त्याने लिहून दिले. गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या मंडळीचा तो १७८७ साली अध्यक्ष झाला, आणि १७९० च्या फेब्रुवारीत त्याच्या सहीचा अर्ज काँग्रेसपुढे गेला. चोवीस वर्षे मधे गेली. तेवढ्या काळात त्याच्या घरचे गुलाम गुलामच होते.

आता डेबोराकडे वळू. १७५७ साली प्रांताच्या कामासाठी फ्रँकलिन लंडनला गेला, तो पाच वर्षांनी आला. १७६४ च्या नोव्हेंबरात पुन्हा गेला. डेबोरास समुद्राचे भय फार. ती बरोबर गेली नाही. नवे घर बांधून घेणे, हिशेब, मुलीचे लग्न, सर्व तिने एकटीने केले. १७६५ साली मुद्रांकाच्या कायद्यावरून लोक खवळले, आणि हा कायदा फ्रँकलिननेच आणविला अशी आवई उठून जमाव घर पाडावयास येणार असे कळले. शेजाऱ्यांनी निघून जा म्हटले. तिने मुलीस दुसरीकडे पाठविले, नातेवाईक व बंदुका आणवून माडीवर बंदोबस्त केला, आणि आपण कोणाचे काही वाईट केलेले नाही, येथून हलणार नाही, असे सांगून बसली. घर वाचले. तिची त्या वेळची पत्रे आजही जपून ठेविलेली आहेत. शुद्धलेखन अगदी कच्चे, शब्द कानाला ऐकू येतील तसे लिहिलेले. मुद्रकाच्या बायकोची ती पत्रे वाचताना कोणासही शुद्धिपत्राची आठवण होईल; पण त्यांतील मजकुरात दुरुस्त करण्यासारखे आम्हांस काही सापडले नाही.

१७६९ च्या सुमारास तिला वाताचा झटका आला. इतक्या दिवसांच्या वियोगाची टोचणी आपणास सोसवेना, म्हणून आपण पडलो, असे तिने कळविले. फ्रँकलिनकडून औषधांच्या सूचना आल्या, कापड आले, भांडी आली, आणि पुढल्या वर्षी येतो असे शब्द आले. राजकारणाची कामे मोठी होती हे खरे. तो मात्र आला नाही. १९ डिसेंबर १७७४ रोजी डेबोरा वारली. शेवटच्या भेटीपासून दहा वर्षे लोटली होती. तिच्या दफनास बर्फातून विल्यम आला. तो तेव्हा न्यू जर्सीचा गव्हर्नर होता. बापास त्याने लिहिले की आपण ह्या शरद ऋतूत यावयास हवे होते. ह्या हिवाळ्यात ते आले नाहीत तर मला पुन्हा दिसणार नाहीत, असे ती म्हणत होती. ज्या मुलाची तिला कधी अडचण वाटली होती त्यानेच तिचे गाऱ्हाणे समुद्रापार पोहोचविले.

फ्रँकलिनने आपल्या वहीत न्यायाची व्याख्या करिताना नुसते दुसऱ्याचे नुकसान करणे एवढ्यासच अन्याय म्हटले नव्हते. जे करणे आपले कर्तव्य ते न करणे हाही त्याने अन्यायच धरिला होता. लंडनला पहिल्यांदा गेला तेव्हा एक पत्र लिहून गप्प बसला, ती चूक त्याने मोजिली. दुसऱ्या वेळी पत्रे पुष्कळ लिहिली, आणि ती चूक मोजिली नाही. कदाचित मोजिलीही असती. पण त्याचे आत्मचरित्र १७५७ च्या लंडन-प्रवासापाशी, थोडे पुढे जाऊन, तुटते. ते लिहीत असतानाच त्याची शक्ती संपली, आणि डेबोराच्या वाट पाहण्याची वर्षे त्या पुस्तकात आलीच नाहीत.

१७८८ साली त्याने मृत्युपत्र केले. त्यात थडग्याविषयी सूचना आहे. सहा फूट लांब, चार फूट रुंद, साधा संगमरवरी दगड दोघांवर मिळून घालावा. त्यावर हुद्दे, शोध, राजदूतपद काही लिहू नये; बेंजामिन व डेबोरा फ्रँकलिन एवढीच नावे व खाली साल. तसाच दगड फिलाडेल्फियात क्राइस्ट चर्चच्या दफनभूमीत आहे, आणि शेजारी फ्रँकीचा लहान दगड आहे. मृत्युपत्रात सालाचे पहिले तीन आकडे त्याने लिहून ठेविले होते, १७८, आणि शेवटच्या आकड्याची जागा कोरी सोडिली होती. तो १७ एप्रिल १७९० पर्यंत जगला. त्यामुळे पाथरवटास कोरी जागा तर भरावी लागलीच, पण आठाच्या जागी नऊही करावा लागला.